डोमेन घ्या, पण घरचा पत्ता झाकून

नाशिकमध्ये मी घरून व्यवसाय करणाऱ्या बायकांच्या वेबसाइट बनवते. इंदिरानगरमधली शिकवणी, गंगापूर रोडवरचं पाळणाघर, येवल्याच्या पैठण्या. प्रत्येकीकडे पत्ता एकच, राहत्या घराचा. नंबरही एकच, स्वतःचा. म्हणून डिझाइनचं बोलणं नंतर, आधी डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या नोंदणीचा, फॉर्म मी त्यांच्या शेजारी बसून भरून घेते.

या फॉर्ममधली माहिती पूर्वी हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे हे दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीत, कुणालाही वाचता यायची. मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा लागू झाला, तेव्हा आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने नियम बदलले आणि डॉट कॉमसारख्या डोमेनवरची वैयक्तिक माहिती बरीचशी झाकली जाऊ लागली. तरी नेमकं काय झाकलंय हे स्वतः बघा. लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग या पानावर आपलं डोमेन टाका आणि ओळ न् ओळ वाचा.

नवीन डोमेन घेत असाल तर पैसे भरण्याआधीच प्रायव्हसीचा, म्हणजे हूइजमधली माहिती झाकण्याचा, पर्याय चालू आहे का ते पाहा. काही रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्या, तो फुकट देतात, काही वेगळे पैसे घेतात. फुकट देणारा निवडा. ‘नंतर करू’ म्हणू नका. हूइजच्या जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. पत्ता एकदा त्यांच्याकडे गेला, की नंतर कितीही झाका, जुनी प्रत तिथे राहतेच.

डॉट इनचं गणित वेगळं. तिथे प्रायव्हसी सेवा चालत नाही. रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट इन नावांची नोंद ठेवणारी संस्था, स्वतःच नाव-पत्ता झाकते, पण संस्थेचं नाव आणि राज्य दिसतं. त्यामुळे फर्म नोंदवलेली नसेल तर संस्थेचा रकाना रिकामा सोडा. तिथे स्वतःचं नाव घातलं तर झाकलेलं नाव दुसऱ्या दाराने बाहेर येतं.

खोटा पत्ता मात्र कधीच देऊ नका. माहिती खोटी निघाली तर डोमेन बंद होऊ शकतं. डॉट कॉम घेतल्यावर ईमेल पडताळणीची लिंक येते, तिच्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तरी तेच. खरं पण वेगळं द्या: डोमेनपुरता स्वतंत्र ईमेल, जमलं तर दुसरं सिम. पोस्टात पोस्ट बॉक्सही भाड्याने मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लपायचं म्हणून डोमेन डिझायनरच्या नावावर घेऊ नका, मीही माझ्या नावावर घेत नाही. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचं आधीचं डोमेन असंच दुसऱ्याच्या खात्यात होतं. त्याने फोन उचलणं बंद केलं, आणि पालकांना ठाऊक असलेला वेबसाइटचा पत्ता गेला. खातं तुमचं, पासवर्ड तुमचा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू.

एवढं करून वेबसाइटच्या तळाशी फ्लॅट नंबर छापला तर काय उपयोग? शिकवणीवाल्यांनी ‘इंदिरानगर, नाशिक’ एवढंच लिहावं, बाकीचं चौकशी करणाऱ्याला फोनवर सांगावं. डाउनलोडला ठेवलेली फी-पावती आणि नकाशावरची खूणही तपासा. सबडोमेनला, म्हणजे डोमेनच्या आधी टिंब देऊन जोडलेल्या नावाला, मुलांची नावं देऊ नका. वेबसाइटला कुलुपाची खूण देणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या नोंदी सार्वजनिक असतात, त्यात ती दिसतात. ऑनलाइन माल विकणाऱ्यांची गोष्ट निराळी. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांत विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायला सांगितलंय, म्हणून येवल्याच्या ताईंना मी दुकानाचा पत्ता द्यायला सांगितला.

डोमेन संपत आल्याची बिलासारखी पत्रं आणि ईमेल येतील. त्यातल्या लिंकवर पैसे भरू नका. स्वतःच्या खात्यात लॉगिन करा, मुदतीची तारीख तिथेच बघा आणि तिथूनच भरा.