गच्चीवरच्या सौरविजेसाठी पैसा कसा उभा करावा: इंदूरच्या घरांसाठी

सौर संचासाठी कर्ज घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘गच्चीवर किती पॅनेल मावतील’ हा निघतो. माझ्या मते गच्चीवर जाण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची विजेची बिले ओळीने मांडून बसावे. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून अंदाज बांधू नये, कारण इंदूरच्या उन्हाळ्यात कूलर रात्रंदिवस चालतो आणि डिसेंबरात तेच घर निम्म्या विजेत भागवते. बारा महिन्यांचे युनिट मिळवून सरासरी काढावी. कर्ज किती घ्यायचे, किंबहुना घ्यायचे की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरते.

सरासरी दीडशे युनिटांच्या आत असेल, तर कर्जाच्या वाटेला न गेलेले बरे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिना १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घराला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. एवढ्या स्वस्त विजेच्या जागी स्वतःची वीज आणून वाचणार किती? विक्रेता हे सहसा सांगत नाही, आणि अनुदानाच्या मोहाने लहान घरे विनाकारण हप्त्यात अडकतात. वापर जास्त असेल, तर मात्र गणित फिरते, कारण सौरविजेने प्रथम सर्वांत महाग टप्प्यातली युनिटे कमी होतात.

एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिटे देतो आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. म्हणजे अडीचशे युनिटांच्या घराला दोन किलोवॅट पुरतात. सावलीची परीक्षा डिसेंबरात, दुपारी तीन वाजता घ्यावी. पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा किती लांबवर पसरते, ते उन्हाळ्यात पाहणी करून गेलेल्या माणसाला दिसलेलेच नसते.

आता पैशाकडे येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीचे आणि विक्रेता योजनेत नोंदलेला हवा. अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यानंतर खात्यात येते, म्हणून तोवरची पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी विनातारण कर्ज मिळते. योजना मंजूर झाली तेव्हा त्याचा व्याजदर सुमारे ७ टक्के होता, आणि तो रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराशी, जोडलेला असल्याने अर्ज करण्याच्या दिवशीचा दर शाखेत विचारून घ्यावा.

उदाहरणादाखल तीन किलोवॅटचा संच १,८०,००० रुपयांना पडला असे धरू. दहा टक्के, म्हणजे १८,००० रुपये, आपण घातले आणि १,६२,००० रुपयांचे कर्ज ६ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १,८०० रुपये बसतो. अनुदानाचे ७८,००० रुपये कर्जात भरले की मुद्दल ८४,००० रुपयांवर येते आणि हप्ता साधारण ९३० रुपये होतो. मात्र हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँकेकडून आधीच लेखी घ्यावे. अनुदान बचत खात्यात पडले आणि सणासुदीला खर्च झाले, तर घर दहा वर्षे मोठाच हप्ता भरत राहते. सुरुवातीचे अठरा हजार भिशीतून किंवा बचत गटातून आणणे ठीक. सावकाराकडून आणले, तर त्याच्या व्याजात सारी बचत वाहून जाते. पावसाळ्यात उत्पादन घटते आणि हप्ता घटत नाही, म्हणून हप्त्याची तुलना वर्षभराच्या सरासरी बचतीशी करावी.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ खाते ते नाव. आमच्या घरी वडील जाऊन सहा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत होते, आणि आईच्या नावे केलेला कर्जाचा अर्ज तेवढ्यावरून परत आला. नामांतरासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि मालमत्ता कराची पावती जमवता जमवता अडीच महिने गेले. तेव्हा नामांतर आधी उरकावे आणि मगच योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी.

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा आणि मीटरचा खर्च वेगवेगळा लिहून मागावा. पाच वर्षांची देखभाल त्याच किमतीत अंतर्भूत आहे, असेही त्यात नमूद करून घ्यावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गृहनिर्माण संस्थेमार्फत जाता येते: लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, आणि मर्यादा घरटी तीन किलोवॅट धरून एकूण ५०० किलोवॅटची आहे. सभेत खर्चाबरोबर मासिक वर्गणी किती घटेल हेही मांडावे, नाहीतर तळमजल्यावरच्या काकू ‘लिफ्ट आम्ही वापरतच नाही’ म्हणून हात वर करणार, आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही.

ज्यांना गच्चीच नाही, त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून घेतलेल्या कर्जाचे कागद, ८.२५ टक्के व्याजाने थेट सामान्य गुंतवणूकदारांना विकले. तो पैसा जलूदहून नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवायला लागणाऱ्या विजेसाठी, खरगोन जिल्ह्यातल्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाकरिता होता. किमान गुंतवणूक दहा हजारांची होती. हे रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेले आहेत. आज घ्यायचे असल्यास डीमॅट खाते (शेअर आणि रोखे संगणकीय नोंदीत ठेवायचे खाते) लागते, आणि छापील व्याजाऐवजी त्या दिवसाच्या किमतीवर हातात किती टक्के पडतात तेच मोजावे.