एक पातेलं, दोन ताटं : घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वजन आणि रंगीत-तुरट जेवण

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरात दोन वजनं उलट्या दिशांना पळत होती. ह्यांचं वय ७१, पँटचं बटण लागेना. सासूबाई ८९ च्या, त्यांच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. रांधणारी मी एकटी, त्यात माझे गुडघे हे असे. दोन वेगळे स्वयंपाक करणं जमणार नव्हतं. म्हणून पातेलं एकच ठेवलं आणि वाढण्यात फरक केला.

आधी मोजायला शिका. महिन्याच्या एक तारखेला सकाळी, चहाच्या आधी वजनकाटा, आणि पोटाचा घेर बघायला शिंप्याचा टेप. आपल्याकडच्या पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला की पोटावर चरबी साठतेय असं धरतात. म्हाताऱ्या माणसाचा नुसता काटा बघून फसायला होतं. पोट सुटलेलं आणि मांड्या वाळलेल्या, असं असलं तरी आकडा तोच राहतो. आमचे हे तसेच.

आता रंगाचं. जांभळाचा जांभळा, कांद्याच्या सालीचा लालसर, हुलग्याचा तपकिरी, मेथीचा कडूपणा, चहाचा तुरटपणा, हे सगळं वनस्पतीतल्या द्रव्यांमुळं येतं. त्यातल्या मोठ्या गटाला पॉलिफेनॉल म्हणतात. यातली बरीचशी लहान आतड्यात शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जंतू त्यांचे बारीक तुकडे करतात.

यानं वजन किती उतरतं? अमेरिकेतल्या १,२४,०८६ स्त्री-पुरुषांच्या २४ वर्षांपर्यंतच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. फ्लेव्होनॉइड म्हणजे पॉलिफेनॉलमधलाच एक गट. तो आहारात वाढवणाऱ्यांचं वजन कमी वाढलं. सगळ्यात जास्त फरक अँथोसायनिनचा, म्हणजे जांभळ्या-निळ्या रंगाचा. रोज १० मिलिग्रॅम जास्त घेतलं, तर चार वर्षांत वजन साधारण १०० ग्रॅमनं कमी वाढलं. शंभर ग्रॅम! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “एवढं तर मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला एक फेरी मारून येतो.” घाम येतो तेवढा, पण तो पाणी पिऊन भरूनही येतो. शिवाय अशा अभ्यासात फळं खाणारा माणूस चालतही जास्त असेल, ही शंका राहतेच. तेव्हा जांभळानं पोट उतरेल या आशेवर बसू नका. फायदा होतो तो अदलाबदलीत. संध्याकाळच्या शेव-चिवड्याच्या जागी जांभळं आली, तर कुठं काही घडतं. चिवड्यावर जांभळं खाल्ली तर काय होणार?

आमच्याकडं आठवड्यातून तीनदा हुलगे असतात. दोन वाट्या हुलगे निवडून रात्रभर भिजत घालायचे, सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. पावसाळ्यात बेळगावात ऊनच नसतं, त्यामुळं मोड यायला दोन दिवस लागतात. गाठोडं गॅसच्या शेगडीजवळ ठेवलं की लवकर येतात. मोड आल्यानं कडधान्यातलं फायटेट, म्हणजे लोह अडवणारं द्रव्य, कमी होतं आणि लोह अंगी लागतं. कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्यायच्या. वर जे गडद तपकिरी पाणी राहतं, ते मोरीत ओतलंत तर रंगाचा बराच भाग गेला. त्याची लसूण, आमसूल घालून आमटी करायची.

इथून ताटं वेगळी. ह्यांच्या ताटात मोठी वाटी उसळ, वर चिरलेला लाल कांदा आणि लिंबू, तीन भाकऱ्यांऐवजी दीड. सासूबाईंच्या ताटात तेच हुलगे पळीनं ठेचून, मऊ भातात कालवून, वर चमचाभर तूप आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. म्हाताऱ्या माणसाला किलोमागं दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. चाळीस किलोच्या बाईला चाळीस-पन्नास ग्रॅम झाली. ती नुसत्या पेजेतून कशी मिळणार? म्हणून त्यांना दुपारी दही, रात्री दूध ठरलेलं.

जवसाची चटणी दोघांनाही. जवस अख्खं खाल्लं तर अख्खंच बाहेर पडतं, म्हणून भाजून कुटायचं. पंधरा दिवसांपुरतंच करा, जवसाचं तेल लवकर खवट होतं. लाल माठ, गाजर, टोमॅटो थोड्या तेलात परतायचे. त्यातली कॅरोटिनॉइडं, म्हणजे पिवळी-केशरी रंगद्रव्यं, तेलाशिवाय अंगात नीट जात नाहीत. वांग्याची साल काढू नका, रंग तिथंच आहे. रताळंही सालासकट उकडा.

चहा जेवणावर नको, तासभर थांबा. चहातला तुरटपणा जेवणातलं लोह अडवतो. सासूबाई सत्तर वर्षं जेवण झालं की चहा घेत आल्या होत्या. ही सवय मोडायला मला चार महिने आणि बरीच बोलणी लागली.

गोळ्या-कॅप्सुलांच्या नादाला लागू नका. ह्यांनी गावातल्या एका दुकानातून ‘हिरव्या चहाचा अर्क’ आणला होता. मी डबी उलटी करून बघितली, दिवसाची मात्रा कपांच्या हिशेबात कितीतरी जास्त. युरोपच्या अन्न-सुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलंय की अशा पूरकांतून त्यातलं मुख्य द्रव्य, ईजीसीजी, रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला त्रास झाल्याची चिन्हं दिसू शकतात. डबी कचऱ्यात गेली, पैसे गेले, दोन दिवस अबोला.

कुणाला रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजी बंदही करायची नाही आणि एकदम वाढवायचीही नाही. रोज जेवढी तेवढीच ठेवायची आणि डॉक्टरांना सांगायचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हुलगे, रताळी, टोमॅटो आधी विचारून.

आणि हे सगळं बाजूला ठेवायची एक वेळ असते. न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे ५ टक्के उतरला, तर भाजी बदलत बसू नका, दवाखाना गाठा. सासूबाई पाच महिन्यांत ४४ वरून ४१ वर आल्या तेव्हा मी आठवडाभर तूप वाढवत बसले होते. “जाईना गं मला,” एवढंच म्हणायच्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर, थायरॉइड बघितलं आणि मग तोंड उघडायला सांगितलं. कवळी सैल होऊन हिरडीला जखम झालेली. नवी कवळी बसली आणि दोन महिन्यांनी काटा ४२ च्या वर गेला. हुलगे अजून ठेचूनच देते, पण आता म्हणतात, “जरा दाणे ठेव गं त्यात.”