कासवांची पिल्लं बघायला जायचंय? आधी घरट्यांची तारीख विचारा

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला आम्ही कोल्हापुरातून दरवर्षी शनिवार-रविवार काढून कोकणात उतरतो. ‘मार्चमध्ये कधीही जा, दिसतातच’ असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. पहिल्या वर्षी ते ऐकून आम्ही दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा नुसती वाळू बघून परतलो. धाकटी अख्खा घाट रडत होती.

किनारा निवडणं सोपं आहे. वेळासचं नाव मोठं आणि ते रास्तच, कारण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली तिथं घरटी राखायला सुरुवात केली. पण वेळास पार मंडणगड तालुक्यात. मुलांना घेऊन दोन दिवसांत तिथवर जाऊन यायचं म्हणजे सगळी सुट्टी गाडीतच. त्यापेक्षा आंबा घाट उतरून गावखडी किंवा मालगुंड गाठा. कुंभार्ली घाटानं गुहागरही होतं.

खरी मेख तारखेत आहे. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत फूट-दीड फूट खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून गावातले कासवमित्र ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात आणि तारीख लिहून ठेवतात. पिल्लं वर यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. वाळू जितकी तापलेली, तितके दिवस कमी. म्हणजे १ फेब्रुवारीच्या घरट्यातली पिल्लं १८ मार्चला येतील नाहीतर २८ मार्चला. एका घरट्याच्या भरवशावर निघणं म्हणजे दहा दिवसांतले दोन दिवस डोळे मिटून निवडणं. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

म्हणून कासवमित्रांना फोनवर ‘पिल्लं आहेत का?’ असं विचारू नका. आज असतील, शनिवारी नसतील. ‘या शनिवार-रविवारच्या आसपास किती घरट्यांचे दिवस भरतायत?’ असं विचारा. एक-दोन म्हणाले तर बेत पुढं ढकला, चार-पाच म्हणाले तर निघा. एका घरट्यातली सगळी पिल्लं एकाच दिवशी येतात असंही नाही, त्यामुळं गुरुवारी एखादं घरटं फुटलं तरी धीर सोडू नका. शुक्रवारी पुन्हा फोन करा. खोलीचे पैसे त्यानंतरच भरा, आणि तारीख बदलू देणारा घरगुती मुक्काम त्याच गावात शोधा. शिमग्याचे दिवस मात्र टाळा. पालख्या नाचत असतात, चाकरमान्यांनी घरं भरलेली असतात आणि ज्यांना तुम्ही फोन करणार तेही पालखीपुढंच असतात.

शनिवारी पहाटे पाचला निघा. रात्री घाट उतरायचा हट्ट नको, गवे रस्त्यावर येतात. संध्याकाळी पहिली संधी, रविवारी सकाळी दुसरी. दोन्ही वेळा कासवमित्रांनी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी किनाऱ्यावर हजर राहा.

बघणाऱ्यांसाठी लावलेल्या दोरीच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही. पोरांना हे घरीच बजावून ठेवा. बोटभर पिल्लू, काळपट राखाडी, पाठीवर वाळू चिकटलेली. मोठ्या माणसाच्या पावलाचा ठसा त्याला खड्ड्यासारखा. त्यात पडलं की पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय आपटत राहतं, दमतं, मग मान वर करून थांबतं. आपल्याला हात लावावासा वाटतो, लावू नका, कासवमित्र बघून घेतात. मोबाईलचा फ्लॅश आणि बॅटरी बंदच हवी. पिल्लं उजेडाच्या दिशेनं वळतात, आणि आपल्या हातातल्या उजेडामुळं समुद्राकडं पाठ करून चालू लागतात.

पहिली लाट बहुतेकांना परत वाळूवर आणून टाकते. तिथं मुलं ओरडतात, त्यांचा हात धरून ठेवा आणि पुढची लाट येईपर्यंत थांबा.

रविवारी जेवून लगेच निघालात तर उजेडी घाट चढून होतो.