मोलाची जुनी गिटार: पहिल्या आठवड्यातल्या चुका टाळा

जुन्या गिटारचं नुकसान चोरापेक्षा नव्या मालकाच्या हौसेनं जास्त होतं. ती घरी आली की कापड, स्क्रूड्रायव्हर आणि नव्या तारांचा सेट बाहेर निघतो, आणि साठ वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारीत निम्म्या किमतीवर येते.

पॉलिश आणि रंग

1950-60 च्या दशकांतल्या बहुतेक गिब्सन, फेंडर आणि मार्टिन या अमेरिकी कंपन्यांच्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर (एक प्रकारचं वार्निश) असतं. ते पिवळं पडतं आणि त्यावर बारीक भेगांचं जाळं येतं. ही खराबी नव्हे, तिच्या वयाचा पुरावा आहे. सगळं उतरवून नव्यानं रंग दिला की किंमत ढोबळमानानं निम्मी होते, रंग कितीही सुंदर लागला तरी. पुसायचंच असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलसर करून पुसा आणि लगेच कोरडं करा. सिलिकॉनचं पॉलिश नको. ते भेगांत मुरलं की पुढे डिंक किंवा लॅकर नीट धरत नाही.

रबराच्या स्टँडवर गिटार ठेवू नका. रबर आणि व्हिनाइलमधली रसायनं हे लॅकर मऊ करतात, आणि काही काळात स्टँडचा ठसा कायमचा उमटतो. व्हिनाइलचा पट्टा केसमध्ये गिटारवर पडून राहिला तरी हेच होतं.

सोल्डर उघडणं

आवाजात खरखर आली म्हणून पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलायला धावू नका. बहुतेक वेळा धूळच असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीसेक वेळा फिरवा. कारखान्यातलं न छेडलेलं सोल्डर हीच खरेदीदाराच्या दृष्टीनं खात्री असते. 1957 ते 1962 च्या सुमाराच्या गिब्सन पिकअपचं (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाचं) झाकण फक्त 'आतल्या बॉबिनचा, म्हणजे तारेच्या रिळाचा, रंग बघायला' काढणारे आहेत. त्या उत्सुकतेची किंमत मोठी पडते. एखादा भाग बदलावाच लागला तर जुना भाग, त्याच्या स्क्रूसकट, पिशवीत घालून केसमध्येच ठेवा.

आकड्यावर आंधळा विश्वास

गिब्सननं 1960 च्या दशकात तेच सीरियल नंबर पुन्हा वापरले. फेंडरच्या नेकप्लेट (नेक, म्हणजे दांडा, जोडणाऱ्या नंबर असलेल्या धातूच्या पट्ट्या) डब्यातून हाताला येतील तशा लागत, त्यामुळे नंबर म्हणजे तारीख नव्हे. पॉटच्या मागचा आकडा वाचा: 1376522 मध्ये 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 65 म्हणजे 1965 आणि 22 म्हणजे आठवडा. मात्र त्यावरून एवढंच कळतं की गिटार त्याआधीची नाही. फेंडरमध्ये 1966 चे पॉट 1969 पर्यंतच्या गिटारमध्ये सापडतात. नंबर, पॉट, नेकच्या टाचेवरची तारीख आणि लॅकर हे सगळं जुळलं तरच पैसे मोजा.

तारा आणि नेक

अकूस्टिकमधली सर्वांत महागडी चूक इथे होते. 1920 च्या आधीच्या बहुतेक मार्टिन तातीच्या (जनावरांच्या आतड्यांच्या) तारांसाठी बांधल्या होत्या. त्यांवर स्टीलच्या तारा चढवल्या की 70 किलोहून जास्त ओढ बसते. ब्रिजमागचं (तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीमागचं) पोट फुगतं, ब्रिज मागच्या कडेनं उचलला जातो. तिथे व्हिजिटिंग कार्ड आत सरकलं तर तारा त्याच क्षणी सैल करा. अशा गिटारला नायलॉन द्या.

दुसरं म्हणजे ट्रस रॉड, नेकच्या आतली तिचा वाक सांभाळणारी धातूची सळई. 1985 च्या आधीच्या मार्टिनमध्ये फिरवता येणारा रॉड नसतो, तेव्हा ॲलन की घेऊन शोधू नका. तारा बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) उंच वाटत असतील (जाड 'ई' तारेला 2.4 मिलिमीटरच्या आसपास बरं) तर फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकलं तर ठीक. त्याखाली आदळलं तर नेक रीसेट, म्हणजे नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं, हवा. ही या गिटारची नेहमीची दुरुस्ती आहे, चांगली झाली तर किंमत घटत नाही. ते टाळायला ब्रिजच घासून पातळ करणारे कारागीर भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका.

पावसाळा

आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी. मुंबई-कोकणात जूनपासून ती कितीतरी वर जाते. लाकूड फुगतं, तारा उचलल्या जातात, डिंक सैल होतो. केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी त्या सुकवा. पण महिनोन्‌महिने केस बंद ठेवणंही चुकीचं. सेल्युलॉइडचं पिकगार्ड (ओरखड्यांपासून वाचवणारी पातळ पट्टी) कुजताना निघणारी वाफ आतच कोंडते आणि लोखंडी भाग गंजवते. आठवड्यातून एकदा उघडा, वाजवा. उलट एसीत सतत ठेवून फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली तर हवा जास्त कोरडी झाली आहे.

परदेशातून आणताना

ब्राझिलियन रोझवूड 11 जून 1992 पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत, आहे. मार्टिन 1969 च्या सुमारास भारतीय शिसवीकडे वळली, त्यामुळे त्याआधीच्या रोझवूडच्या मॉडेलबद्दल कागद आधी मागा, गिटार विमानतळावर अडल्यावर नव्हे. 2019 पासून इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना मिळालेली सूट ब्राझिलियनला लागू नाही. नट-सॅडल (तारा दोन टोकांना टेकतात त्या पट्ट्या) हस्तिदंताचे आहेत का हेही तपासा.

विमा

'घराचा विमा आहे' या भरवशावर राहू नका. भारत गृह रक्षा पॉलिसीत चोरीचं संरक्षण आग-पुरासारख्या घटनेनंतरच्या 7 दिवसांपुरतंच असतं. साधी घरफोडी त्यात येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. गिटार सामानात नुसती मोजली तर तिची खरी किंमत मिळेलच असं नाही. म्हणून मौल्यवान वस्तू म्हणून ठरलेल्या किमतीवर नोंदवा. तीन प्रश्न लेखी विचारा: घराबाहेर नेताना संरक्षण आहे का, पैसे घेऊन कार्यक्रम केला तर ते टिकतं का, आणि दुरुस्तीनंतर घटलेली किंमत भरून मिळते का. गिब्सनचं डोकं (नेकचं वरचं टोक, जिथे तारा घट्ट करतात) तुटलं तर हा तिसरा प्रश्नच महत्त्वाचा, कारण ते उत्तम चिकटतं पण किंमत बऱ्याचदा अर्धी राहते.

फोटो समोरून, मागून, सीरियल नंबरचे आणि प्रत्येक ओरखड्याचे काढा. मूल्यांकन दर दोन-तीन वर्षांनी नवं करा, आणि या सगळ्याची प्रत गिटारच्या केसमध्ये नव्हे, दुसऱ्या घरी ठेवा.