घरगुती डिजिटल ज्यूकबॉक्स : करवत हातात घेण्याआधीची तयारी

घरी डिजिटल ज्यूकबॉक्स, म्हणजे बटणांनी साठवलेली गाणी निवडून वाजवणारी पेटी, बनवण्याचे मनावर घेतले असेल, तर बोर्ड, स्पीकर आणि प्लायवूड यांच्या खरेदीला निघण्याआधी तो बंद कसा करायचा हे ठरवावे. हा प्रश्न शेवटी पाहता येईल असे वाटते, पण तोवर पेटी जोडून झालेली असते, पॉलिश वाळलेले असते आणि बटणासाठी छिद्र पाडायला सोयीची जागा उरलेली नसते. मागच्या खेपेस माझ्याकडून नेमके हेच राहिले, म्हणून ही यादी तेथून सुरू होते आणि वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतक्या वेळा तिकडेच वळणार आहे.

पेटीत बसणारा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय. तो रेडिओ नव्हे, छोटा संगणक आहे. त्याची सगळी प्रणाली मायक्रोएसडी कार्डावर असते आणि एकही गाणे वाजत नसताना तो त्या कार्डावर काही ना काही लिहीत राहतो. हे लिहिणे चालू असताना वीज तोडली, तर कार्डावरची फाइल व्यवस्था बिघडू शकते. ती प्रत्येक वेळी बिघडत नाही, हाच खरा धोका आहे, कारण चार-सहा वेळा काही झाले नाही की माणूस निर्धास्त होतो. त्यातच आपल्याकडे प्रत्येक प्लगशेजारी भिंतीवर बटण असते आणि रात्री निजण्यापूर्वी ती सगळी बटणे बंद करत फिरणारे एक वडीलधारे माणूस प्रत्येक घरात असतेच. त्यांची समजूत काढता येईल या भरवशावर कोणीही राहू नये.

उपाय स्वस्त आहे. दाबले की जोडणारे आणि सोडले की तुटणारे साधे पुश बटण मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळते. ते बोर्डावरच्या ५ आणि ६ क्रमांकांच्या पिनांना, म्हणजे जीपीआयओ ३ (बाहेरच्या वस्तू जोडण्याच्या पिनांपैकी एक) आणि ग्राउंड यांना जोडावे आणि बोर्डाच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन चालू करणारी ओळ घालावी. मग बटण दाबले की बोर्ड सगळे आवरून थांबतो आणि पुन्हा दाबले की त्याच पिनेमुळे सुरूही होतो. मात्र हीच पिन आयटूसी या चिपांना आज्ञा देणाऱ्या जोडणीची आहे आणि काही डॅक बोर्डांना, म्हणजे डिजिटल संगीत ॲम्प्लिफायरला चालेल अशा संकेतात बदलणाऱ्या बोर्डांना, ती लागते, त्यामुळे कोणता डॅक घ्यायचा हेही या बटणावरूनच ठरवावे लागते. पीसीएम ५१०२ चिपवर बेतलेले साधे बोर्ड केवळ आयटूएस या संगीत वाहून नेणाऱ्या जोडणीवर, म्हणजे जीपीआयओ १८, १९ आणि २१ यांवर चालतात आणि बटणाच्या आड येत नाहीत. हायफायबेरीच्या डॅक प्लससारख्या बोर्डाला जीपीआयओ २ आणि ३ दोन्ही हवे असतात. तेथे बटणासाठी दुसरी पिन निवडावी लागते आणि तिच्यावरून बंद करता येते, सुरू करता येत नाही. रास्पबेरी पाय ५ च्या बोर्डावर बटण मुळातच असते, परंतु ते पेटीच्या पोटात जाते. त्यासाठी बोर्डावर जे२ नावाच्या दोन जागा ठेवलेल्या आहेत, तेथून तारा काढून बटण बाहेर आणावे.

बटण असूनही वीज जाईल, किंवा पाहुणा भिंतीवरचा स्विच बंद करेल, म्हणून दुसरी तटबंदी हवी. रास्पी-कॉन्फिग या सेटिंग बदलण्याच्या साधनात ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू केली की कार्डावर काहीच लिहिले जात नाही, सगळे लेखन मेमरीत होते आणि बंद केल्यावर पुसले जाते. गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावीत आणि तो केवळ वाचण्यापुरता जोडावा. नवी गाणी घालताना आधी ओव्हरले काढावे, गाणी घालावीत, गाण्यांची सूची अद्ययावत करावी आणि मग ओव्हरले पुन्हा लावावे. हा क्रम चुकला तर अद्ययावत केलेली सूची दुसऱ्या दिवशी गायब होते आणि दोष पेनड्राइव्हला दिला जातो.

आता खरेदी. नुसत्या संगीतासाठी रास्पबेरी पाय ४ चे लहान मेमरीचे रूप पुरेसे आहे. जुना पाय ३ घरात पडून असेल तर तोही चालेल. ॲडॉप्टर मात्र ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचाच घ्यावा. मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड सुरू होतो, मग भार वाढला की व्होल्टेज खाली येते आणि पडद्यावर विजेचे चिन्ह चमकू लागते. ॲम्प्लिफायरला त्याचा स्वतंत्र पुरवठा द्यावा. टीपीए ३११६ चे बोर्ड जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरवर उत्तम चालतात. पीएएम ८४०३ चा इवलासा ॲम्प्लिफायर बोर्ड पायच्याच ५ व्होल्टवर चालवण्याचा मोह टाळावा, कारण स्पीकरमधून संगणकाची किरकिर ऐकू येते. सगळे जोडल्यावर सतत घरघर येत असेल तर ती बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे दोन उपकरणांच्या ग्राउंडच्या तारांतून फिरणाऱ्या प्रवाहाची, असते. डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये छोटा आयसोलेटर घालून पाहावा आणि त्यासाठी पेटीत जागा आधीच राखावी. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. केबल, स्क्रू, सोल्डर हे सांगायला नको.

पेटीसाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, वापरू नये. कापायला ते सोपे असते, पण मुंबईच्या एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रू ढिले पडतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लाय महाग पडते. निदान आयएस ३०३ मधले बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या, दर्जाचे तरी घ्यावे आणि कापलेल्या कडांना सीलर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या रेडिओची पेटी हवी म्हणून चोर बाजारात मटण स्ट्रीटला जाणार असाल तर लाकडाला भुंगा लागला आहे का ते उजेडात नेऊन पाहावे. आतला व्हॉल्व्हचा रेडिओ चालू स्थितीत असेल तर कृपया तो उपसून फेकू नये. रिकाम्या पेट्याही मिळतात. मागची फळी चिकटवू नये, स्क्रूनेच बसवावी. हवा खेळण्यासाठी तळाशी आणि मागे वरच्या बाजूला छिद्रे ठेवावीत, कारण प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो आणि एप्रिल-मेमध्ये बंद पेटीत ते तापमान दूर नसते. आणि पहिले छिद्र कशाचे पाडायचे? बंद करण्याच्या बटणाचे. त्याच्या शेजारी आणखी एक बारीक छिद्र असे पाडावे की बोर्डावरचा हिरवा दिवा बाहेरून दिसेल, कारण तो लुकलुकायचा थांबल्याखेरीज भिंतीवरचा स्विच बंद करायचा नाही. हे बटण गाणी निवडण्याच्या बटणांच्या रांगेत बसवू नये. लहान मुले ते दाबतील. बाजूच्या फळीवर, वेगळ्या रंगाचे, असे ते असावे.

सगळ्यात जास्त वेळ गाण्यांना लागतो आणि हे काम सुताराची वाट पाहत असतानाच करून टाकावे. एकाच गायकाचे नाव संग्रहात अनेक रूपांत असते. सुधीर फडके देवनागरीत एकदा, रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी आणि कोठेतरी नुसते ‘बाबूजी’ म्हणून बसलेले असतात आणि यंत्राला ती चार-पाच वेगळी माणसे वाटतात. एक लिपी ठरवावी, एकच रूप ठरवावे आणि पिकार्डसारख्या प्रणालीत बसून टॅग, म्हणजे फाइलमध्ये नोंदलेली गायक-शीर्षके, दुरुस्त करावेत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली शीर्षके वाचता येत नाहीत, ती हाताने पुन्हा टंकावी लागतात, त्याला इलाज नाही. बोर्डावर देवनागरी फाँट बसवलेला आहे की नाही हेही पाहावे, नाहीतर सगळा खटाटोप पडद्यावर चौकोनांच्या रूपाने दिसतो.

संग्रह किती मोठा असावा, याबद्दल माझे मत ठाम आहे : लहान. ३२० केबीपीएसच्या तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे ७.२ एमबी लागतात, त्यामुळे जागेची अडचण कोठेच नाही, पण हजारो गाण्यांची यादी पडद्यावर सरकवत बसायचे असेल तर फोन काय वाईट आहे? शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९४८ मध्ये ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवणारे यंत्र आणले, तेव्हा १०० गाण्यांची निवड ही मोठी गोष्ट होती आणि आजही तो आकडा घरासाठी योग्य आहे. अक्षर आणि अंक यांच्या जोडीने गाणे निवडता येईल, यादी कागदावर छापून काचेखाली लावता येईल आणि घरातल्या प्रत्येकाला आपापली दहा-वीस गाणी सुचवता येतील. आजोबांची नाट्यगीते आणि नातवाचे रॅप एकामागोमाग लागणार, म्हणून आवाजाची पातळी समान करण्यासाठी सर्व फाइलींवर रिप्लेगेन चालवावे. नाहीतर जुन्या ध्वनिमुद्रणासाठी वाढवलेला आवाज पुढच्या गाण्याला शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. कॅसेटवरून गाणी उतरवायची असतील तर फितीवर बुरशी आहे का ते पाहावे, कारण दमट हवेत ती धरतेच आणि बुरशीची कॅसेट प्लेअरचे हेडही खराब करते.

सॉफ्टवेअरसाठी एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्राम पुरे आहे. आवाजाची कमाल मर्यादाही बांधून टाकावी. गाणे निवडण्यासाठी आर्केडची ३० मिलिमीटरची बटणे आणि ती बोर्डाला जोडणारा यूएसबी एन्कोडर, किंवा सरळ यूएसबीचा अंकपट. टचस्क्रीन हवाच असेल तर घ्यावा, पण तो बंद करण्याच्या बटणाला पर्याय नाही, कारण प्रणाली अडकली की पडदाही अडकतो. २३० व्होल्टचा भाग पेटीबाहेर ॲडॉप्टरमध्येच राहू द्यावा. तो आत आणायचाच असेल तर तीन पिनांचा प्लग, फ्यूज आणि अर्थिंग, आणि जोडणी वायरमनकडून.

पॉलिश, जाळीचे कापड, रबरी पाय : सुताराला विचारावे. मागची फळी बसवण्याआधी बटण दाबून बोर्ड थांबतो का, दिवा बाहेरून दिसतो का आणि पुन्हा सुरू होतो का, हे तपासावे. मग ओव्हरले चालू असताना भिंतीवरचा स्विच मुद्दाम बंद करून पाहावा. शेवटी कार्डाची प्रत दुसऱ्या कार्डावर उतरवावी, त्या कार्डाने पेटी एकदा सुरू करून पाहावी आणि तारीख लिहून ते मागच्या फळीला आतून पाकिटात चिकटवून ठेवावे.