वाईट आठवडा सोसणारी बाग: आधार-निवासातल्या रहिवाशांसोबत

आधार-निवास म्हणजे हक्काचं घर आणि त्याच छताखाली मिळणारी मदत: समुपदेशन, औषधोपचार, कागदपत्रं. इथे राहणाऱ्यांत बेघर राहिलेली, मानसिक आजाराशी किंवा व्यसनाशी झगडणारी, अपंगत्व असलेली माणसं असतात. त्यांच्यासोबत बाग करताना झाडं कोणती लावायची हे नंतर ठरवा. आधी हे विचारा: पाणी घालणारी व्यक्ती दहा दिवस खोलीबाहेर पडलीच नाही तर काय होईल? ती परत येईल तेव्हा वाळलेली कुंडी म्हणजे तिच्या खात्यावर आणखी एक अपयश. म्हणून सगळी आखणी वाईट आठवडा धरूनच करायची.

आखणी ठरवायला सभा बोलावू नका. सभेत तेच तीन-चार जण बोलतात. जागेचा मोठा नकाशा जिन्याजवळ दोन आठवडे लावून ठेवा, शेजारी पेन्सिल बांधा. ‘काय हवं?’ या प्रश्नाला फारशी उत्तरं येत नाहीत. ‘कुठे बसायला नको वाटतं?’ याला भरपूर येतात. एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: बागेत येण्या-न येण्याचा घराच्या कराराशी, औषधांशी किंवा वागणुकीच्या नोंदीशी काडीचाही संबंध नाही. नुसतं येऊन बसणारा माणूसही बाग वापरतोच आहे.

जागेवर ऊन किती येतं हे सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता पाहून नकाशावर लिहा. फुलांना आणि फळभाज्यांना निदान सहा तास ऊन लागतं. पुदिना आणि पालेभाज्यांचं तीन-चार तासांवर भागतं. नळ लांब असेल तर वाफ्यांच्या आधी नळ जवळ आणा. भरलेली झारी दहा किलोची होते आणि ती वाहून नेण्यातच निम्म्या लोकांचा उत्साह संपतो. इमारत जुनी असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. मातीची तपासणी होईपर्यंत खायचं काहीही थेट जमिनीत लावू नका. जुने टायर आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर वाफ्यांसाठी टाळा.

बसायच्या जागांवर वेळ घालवा. ज्यांनी हिंसा भोगली आहे त्यांना पाठीमागून कुणी येणं सहन होत नाही. बाकाची पाठ भिंतीकडे असावी, बसल्या जागेवरून फाटक दिसावं आणि बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात. वाटेलगतची झुडपं ७५ सेंमीच्या वर जाऊ देऊ नका. एक बाक एकट्यासाठी ठेवा. दोघांची बैठक काटकोनात असली की गप्पा मारता येतात आणि नजर चुकवायचीही सोय राहते. आसन ४५ सेंमी उंच असावं आणि हात टेकून उठता येईल असं असावं. वाट १२० सेंमी रुंद, चाकाची खुर्ची वळवायला १५० सेंमीची मोकळी जागा आणि चढ २० फुटांना एक फुटापेक्षा जास्त नाही. सुटी खडी दिसते छान, पण तिच्यात चाक आणि कुबडी दोन्ही रुततात.

बागेचा एक तुकडा खोल्यांच्या खिडक्यांमधून दिसलाच पाहिजे. १९८४ साली संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण खाली उतरूच न शकणाऱ्या रहिवाशाला बाग दिसायला हवी, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

उंच वाफा एकाच बाजूने हात पोहोचणार असेल तर ६० सेंमी रुंद करा, दोन्ही बाजूंनी पोहोचणार असेल तर १२०. बसून काम करणाऱ्यांसाठी उंची साधारण ६० सेंमी ठेवा, वाकू न शकणाऱ्यांसाठी ८५ ते ९०. २४० × १२० × ६० सेंमीच्या वाफ्याला सुमारे १.७३ घनमीटर मिश्रण लागतं. ते पुढे खाली बसतं, म्हणून दोन घनमीटर मागवा. तळाशी दगड-विटांचा थर घालायची सवय सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, ओल उलट मुळांजवळ अडते. वरून ५ सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका.

एकेकट्याच्या झाडासाठी वातीची बादली करा, म्हणजे खाली साठवलेलं पाणी वात वर मातीत ओढून घेते. २० लिटरच्या, एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या घ्या. वरच्या बादलीच्या तळाला ६ मिमीची दहा-बारा भोकं, वातीसाठी १२ मिमीची दोन आणि खाली पाणी भरायच्या २५ मिमीच्या पाइपासाठी एक भोक पाडा. वात नायलॉनच्या दोरीची हवी. सुती दोरी काही महिन्यांत कुजते. प्रत्येक वात ४० सेंमीची, निम्मी मातीत आणि निम्मी खाली लोंबती. दोन तळांमध्ये १० सेंमी अंतर राहील असे विटेचे तुकडे ठेवा. खालच्या बादलीला, वरच्या तळाच्या एक सेंमी खाली, जादा पाणी वाहून जायला भोक पाडा. हे विसरलात तर पहिल्या मोठ्या पावसात मुळं कुजतील. डास होऊ नयेत म्हणून भोकावर बारीक जाळी आणि पाइपाला टोपण लावा. मिश्रणात दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग पर्लाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खनिज दाणे) घ्या. बागेतली जड माती चालत नाही, ती चिखल होऊन मुळं गुदमरतात. पहिलं पाणी वरूनच द्या, नाहीतर वात चालू होत नाही. खाली सुमारे पाच लिटर पाणी मावतं, म्हणजे पुदिन्याला सावलीत चार-पाच दिवसांची निश्चिंती. त्याहून लांबच्या सुट्टीसाठी मोठ्या वाफ्यांना आणि या बादल्यांनाही टायमरचं ठिबक जोडा. मातीवर पांढरा थर दिसला की ते क्षार असतात. वरून भरपूर पाणी घालून ते धुऊन काढा.

पहिल्या हंगामात लवकर दिसणारं लावा: मुळा २५-३० दिवसांत येतो, मेथी त्याआधी, झेंडू साधारण दोन महिन्यांत फुलतो. हात फिरवला की वास येणारी झाडं वाटेकडेला हवीत: पुदिना, गवती चहा, तुळस. पण एखाद्याला तोच वास नकोशा दिवसांची आठवण देतो, म्हणून बसायच्या जागेपाशी उग्र वासाचं काही नको. कण्हेर, बिट्टी, धोतरा, घाणेरी, रुई आणि डायफेनबाखिया आवारातच नकोत. विषारी झाड कोपऱ्यात लावून पाटी लावणं पुरेसं नाही.

मानसिक आजारावरच्या काही औषधांनी उन्हाचा त्रास पटकन होतो आणि उष्णता सोसत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकतं. त्यामुळे काम सकाळी आणि सावलीत करा, जवळ पिण्याचं पाणी आणि टोप्या ठेवा, आणि कुणी काय जपायचं हे आरोग्य सेवकांकडून विचारून घ्या. खताची पिशवी मोकळ्या हवेत, मास्क लावून, तोंडापासून दूर धरून उघडा.

गट सहा ते आठ जणांचा आणि वेळ ४५ मिनिटांची ठेवा. बसून, उभ्याने आणि जोर लावून अशी तिन्ही प्रकारची कामं रोज मांडून ठेवा, माणूस स्वतःच निवडतो. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि खुरपी फळीवर टांगून प्रत्येकाची बाह्यरेषा रंगवा. काय परत आलं नाही हे नजरेनेच कळतं, झडती घ्यावी लागत नाही. पानांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली सौम्य द्रव साबण घालून आधी एका पानावर फवारून पाहा आणि मग संध्याकाळी सगळीकडे. कीटकनाशकं आणूच नका.

बाग मोडते ती बहुतेक वेळा माणसांमुळे. एक उत्साही रहिवासी सगळं ताब्यात घेतो आणि बाकीचे गुपचूप येणं थांबवतात. म्हणून वाफे वेगळे ठेवा, प्रत्येकाच्या हद्दी ठरवा. कुणी रागाच्या भरात रोपं उपटलीच तर चौकशी नको. त्याच आठवड्यात त्या जागी मुळा पेरून टाका. पाट्यांवर रहिवाशाने स्वतः मागितल्याशिवाय नाव लिहू नका, चित्र किंवा रंग पुरतो.

कुणी घर सोडून दुसरीकडे जाणार असं कळलं की तीन आठवडे आधी त्याच्या पुदिन्याच्या दहा सेंमीच्या फांद्या पाण्यात ठेवा. मुळं फुटली की त्या लहान कुंडीत लावा. मोठी बादली त्याच्यासोबत जाते, कुंडी इथे राहते.