माशावर पांढरं दिसलं की हीटर वाढवायच्या आधी हे बघा

टँकमधल्या माशाच्या अंगावर पांढरं काही दिसलं की पहिला सल्ला ठरलेला, हीटर ३० वर टाका. इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) असेल तर ठीक आहे, कारण तो परजीवीमुळे होतो, गरम पाण्यात त्या परजीवीचं जीवनचक्र भराभर पुढे सरकतं आणि माशाला सोडून तो पाण्यात उतरला की औषध लागू पडतं. पण तेच पांढरं कॉलमनॅरिस निघालं तर हीटर वाढवणं म्हणजे माशाचा जीव घेणंच आहे, प्लीज करू नका.

कॉलमनॅरिस हा बॅक्टेरियाचा रोग. हा जंतू २५ ते ३० डिग्रीला जोरात वाढतो, कल्ल्यांना पटकन चिकटतो. १८-२० ला मरत नाही, पण रोग रेंगाळतो आणि आपल्याला उपचाराला वेळ मिळतो. २८-३० ला जंतूचा स्ट्रेन (प्रकार) जहाल असेल तर एक-दोन दिवसांत टँक रिकामा होतो. त्यात २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.५ च, आणि कल्ले सडत असलेल्या माशाला तेवढाही घेता येत नाही. (सगळेच जंतू असे नसतात हं, ट्राउटचा कोल्ड वॉटर डिसीज थंड पाण्यातच त्रास देतो.)

म्हणून आधी टँकचा लाइट बंद करून बाजूने टॉर्च मारा. रव्याच्या कणांसारखे सुटे, उठावदार ठिपके दिसले तर इच. कडा धूसर असलेला राखाडी-पांढरा चट्टा, त्यातही पाठीवरच्या पराखालून दोन्ही बाजूंना उतरलेला किंवा ओठांभोवती असेल तर कॉलमनॅरिस धरून चाला.

मग हीटर खाली आणा, दिवसाला १-२ डिग्रीच. गप्पी, मॉली, प्लॅटी २३-२४ ला आरामात राहतात, डिस्कसला मात्र इतकं थंड झेपत नाही, त्याला २७-२८ वर ठेवून औषधावरच भिस्त ठेवावी लागते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हीटर नसतानाही पाणी तापतं, तिथे झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन लावा, दोन-तीन डिग्री उतरतात, फक्त आटलेलं पाणी क्लोरीन काढून भरत राहा. बर्फ टाकू नका, एकदम फरक पडला की मासा आणखी खचतो. एअर पंप रात्रंदिवस चालू. खडे मीठ लिटरला १ ग्रॅम विरघळवून घाला, या जंतूला मीठ मानवत नाही, पण टँकमध्ये कॉरी किंवा लोच जातीचे मासे असतील तर जपून.

नुसतं तापमान उतरवून रोग जात नाही, अँटिबायोटिक व्हेटला विचारूनच द्या, घरातल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून टाकू नका. आणि मेलेला मासा तासभरही आत ठेवू नका, त्याच्या अंगातून हा बॅक्टेरिया जिवंत माशापेक्षा जास्त पाण्यात सुटतो, तेव्हा झोपायच्या आधी झाडांमागे, फिल्टरमागे एकदा बघाच.